बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच : खरेदीपूर्वीं पाहावयाच्या गोष्टी

मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या अंगावर जीं कामें एकदम येऊन पडतात, त्यांत रोटाव्हेटरचीं पातीं बदलणें हें एक मोठें कटकटीचें काम होय. सहा फुटी रोटाव्हेटरास साधारणपणें ४२ पातीं असतात व प्रत्येक पातें बहुधा दोन बोल्टांनीं आवळलेलें असतें. म्हणजे एकंदर ८४ नट खोलावयाचे आणि तितकेच पुन्हां बसवावयाचे. हे नट वर्षभर चिखलांत, ओलींत आणि खतांच्या क्षारांत फिरलेले असल्यामुळें सहजासहजीं हलत नाहींत. पान्याच्या दांड्यास पाईप लावून दोन माणसें लोंबकळतात, पाना निसटतो, बोटांचीं सालडीं निघतात, आणि ज्या दिवशीं वाफसा साधावयाचा तो दिवस अंगणांतच मावळतो. अशा वेळीं शेजारच्या गांवीं कोणी बॅटरीवरचें यंत्र आणून तेंच काम दुपारच्या आंत उरकल्याचें ऐकूं येतें, आणि आपणही असें यंत्र घ्यावें असें प्रत्येकास वाटूं लागतें. या यंत्रास इम्पॅक्ट रेंच म्हणतात. खेड्यांत ‘नट खोलायची गन’ या नांवानें तें ओळखलें जातें. तें घ्यावें किंवा नाहीं, आणि घ्यावयाचें तर कोणतें, याविषयीं दुकानदार सांगतो त्याहून कांहीं निराळें सांगणें अवश्य वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम हें यंत्र काम कसें करतें तें समजून घेतलें पाहिजे. कारण तें समजलें म्हणजे पेटीवरच्या आंकड्यांनीं माणूस भुलत नाहीं. जमिनींत खुंटी ठोकावयाची असतां आपण ती हातानें दाबीत बसत नाहीं. मोगरीचे चार घाव घातले म्हणजे जी खुंटी दोघांच्या जोरानेंही जात नव्हती ती हां हां म्हणतां खालीं जाते. इम्पॅक्ट रेंच नटावर हाच उपाय योजितो, फक्त घाव सरळ न घालतां तो वर्तुळांत घालतो. आंतील मोटर दांतेरी चाकांच्या द्वारें एका जड लोखंडी घणास फिरविते. नट सैल आहे तोंवर घण व त्याच्या पुढची ऐरण एकत्र फिरतात. नटानें अडवणूक केली कीं घण मागें सरकतो, त्यामागची स्प्रिंग दाबली जाते, आणि तो एकदम सुटून ऐरणीच्या कानांवर जाऊन आदळतो. असे घाव मिनिटास दोन-तीन हजार बसतात. घाव अत्यंत अल्प काळाचा असल्यामुळें त्याचा उलट झटका धरणाराच्या मनगटापर्यंत फारसा येत नाहीं. हाच या यंत्राचा खरा गुण होय. साध्या ड्रिल मशीननें एवढा जोर काढूं गेल्यास नट जागचा हलणार नाहीं, उलट मनगट मुरगळेल. पत्र्याच्या शेडचे स्क्रू आवळण्याचा जो इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो तो याच जातीचा असला तरी त्याचें तोंड बारीक असतें. चाकाच्या नटासाठीं तो घेऊं नये.

आतां जोराचें माप. हें माप न्यूटन-मीटर या परिमाणांत सांगतात व त्यास टॉर्क म्हणतात. शब्द परका असला तरी गोष्ट रोजच्या अनुभवांतली आहे. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास १० किलो वजन लटकविलें, तर नटावर सुमारें ९८ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर माणसानें ३० किलोचा भार दिला तर सुमारें १४७. एक मीटर पाईप लावून ६० किलोचा मनुष्य टोकावर उभा राहिला तर सुमारें ५९०. तेव्हां आपल्या घरचा सर्वांत हट्टी नट कोणता, आणि तो आजवर किती लांबीच्या दांड्यावर किती भार दिल्यावर सुटत आला, एवढें ध्यानांत घेतलें कीं आपली गरज आपणांसच मोजतां येते. त्यासाठीं कोणास विचारावयास नको.

तुलनेसाठीं कांहीं मापें देतों. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आंकडा कोरलेला असतो. त्या प्रतीचा १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट ८० ते ९० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात, १६ मिलिमीटरचा सुमारें २०० पर्यंत, व २० मिलिमीटरचा सुमारें ४०० पर्यंत. घरच्या मोटारगाडीच्या चाकाचे नट साधारणपणें १०० च्या आसपास असतात. ट्रॅक्टरच्या मागील चाकाचे यापेक्षां पुष्कळ अधिक असतात. त्यांचा नेमका आंकडा ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेंत छापलेला असतो. गंजलेला नट सोडविण्यास तो आवळतांना लागलेल्या जोराच्या दीडपट, कधीं दुप्पटही जोर लागतो, हें हिशेबांत धरावें.

येथेंच पहिली फसगत होते. पेटीवर जो मोठा आंकडा ठळक अक्षरांत छापतात तो बहुधा नट सोडविण्याच्या वेळचा, म्हणजे यंत्र उलट फिरत असतां क्षणभर मिळणारा कमाल टॉर्क असतो. आवळतांना मिळणारा टॉर्क निराळा व बराच कमी असतो. चांगले कारखानदार दोन्ही आंकडे देतात. उदाहरणार्थ, बॉशच्या जीडीएस १८व्ही-३०० या यंत्राचा आवळण्याचा टॉर्क ३०० व सोडविण्याचा ५०० आहे. मकीताच्या डीटीडब्ल्यू ३०० चे आंकडे अनुक्रमें ३३० व ५८० आहेत. आणि त्याच कारखान्याच्या डीटीडब्ल्यू १००२ या थोरल्या यंत्राचे १००० व १६०० आहेत. ज्या पेटीवर एकच आंकडा आहे आणि तो कशाचा हें लिहिलेलें नाहीं, तो आंकडा नसल्यासारखाच समजावा. महसूल खात्यांत कारकुनी करतांना पीकपाहणीच्या नोंदींत एक पीक आणि शेतांत दुसरेंच, असे प्रकार आम्हीं पुष्कळ पाहिले. छापील आंकड्याचेंही तसेंच आहे. तो कोणीं, कोठें उभें राहून नोंदला हें आधीं विचारावें.

दुसरी फसगत व्होल्टची. बाजारांत १८, २० व २१ व्होल्ट अशीं तीन प्रकारचीं यंत्रें निरनिराळीं म्हणून विकलीं जातात. वस्तुतः तीं बहुतेक एकच होत. लिथियम बॅटरीचा एक कोश सरासरी ३.६ व्होल्ट देतो व पूर्ण भरला असतां ४.२ पर्यंत जातो. असे पांच कोश एकापुढें एक जोडले म्हणजे सरासरीनें १८ आणि पूर्ण भरल्यावर २१ होतात. कोणी सरासरी छापतो, कोणी शिखर छापतो, कोणी मधला २० चा आंकडा घेतो. यांत लबाडी नाहीं, पण २१ व्होल्टचें यंत्र १८ वाल्याहून जोरकस असतें अशी समजूत मात्र चुकीची आहे. खरी लबाडी पुढें आहे. पुष्कळशा स्वस्त पेट्यांवर ८८, १२८, २८८ असे आंकडे आणि त्यांपुढें ‘व्हीएफ’ हीं अक्षरें छापलेलीं असतात. हें कोणत्याही शास्त्रांतलें माप नव्हे. अशा बॅटरींतही सहसा तेच पांच कोश एकापुढें एक असतात. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें बाजारच्या दिवशीं असें २८८ चें यंत्र मोठ्या हौसेनें आणलें. मोटारसायकलचे व पाण्याच्या मोटरीचे नट त्यानें ठीक काढले. परंतु ट्रॉलीच्या चाकापाशीं नुसताच खडखडाट, नट तसूभरही हलला नाहीं. यंत्र मोडकें नव्हतें. जेवढें होतें तेवढें काम तें करीत होतें. आंकडा तेवढा खोटा होता, आणि विक्रेता पुढच्या बाजारीं दिसला नाहीं.

मग खरें काय पाहावें? आमच्या मतें यंत्राच्या आधीं बॅटरी पाहावी. पहिलें तारेवांचून चालणारें ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीनें १९६१ सालीं बाजारांत आणलें. पण त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा जोर तोकडा होता. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी विक्रीस काढल्यानंतर, आणि पुढें २००५ च्या सुमारास ती अवजड कामाच्या हत्यारांत आल्यानंतर, वायरी व हवेच्या कंप्रेसरवांचून चाकाचे नट खोलणें शक्य झालें. म्हणजे या यंत्राची खरी शक्ति त्याच्या मोटरींत जेवढी आहे तेवढीच, किंबहुना अधिक, त्याच्या बॅटरींत आहे. किमतीचाही मोठा भाग तिचाच असतो.

शेतकऱ्यानें बॅटरीकडे बैलजोडीप्रमाणें पाहावें. एकच जोडी नांगरास, वखरास, पाभरीस व गाडीस जुंपतां येते. प्रत्येक औजारास वेगळी जोडी कोणी पाळीत नाहीं. त्याचप्रमाणें एका कारखानदाराची १८ व्होल्टची बॅटरी त्याच कारखानदाराच्या त्याच मालिकेंतील ड्रिल, ग्राइंडर, फांद्या छाटण्याची करवत, गवत कापण्याचें यंत्र अशा अनेकांस बसते. मात्र एकाची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्रास बसत नाहीं. म्हणून पहिलें यंत्र घेतांना पुढच्या पांच वर्षांत आणखी काय काय लागेल याचा विचार करून मगच घराणें ठरवावें, आणि त्याची दुरुस्तीची सोय जिल्ह्याच्या गांवीं आहे कीं नाहीं हें स्वतः जाऊन पाहावें. आज एक घराणें आणि उद्यां दुसरें असें केल्यास घरांत चार चार्जर व आठ अर्धमेल्या बॅटऱ्या जमतात, आणि गरजेच्या वेळीं एकही भरलेली सांपडत नाहीं.

बॅटरीची धारणा अँपिअर-अवर या मापानें सांगतात. १८ व्होल्टची २ अँपिअर-अवरची बॅटरी ३६ वॉट-अवर शक्ति सांठविते व ४ ची ७२. मोठी बॅटरी अधिक वेळ चालते हें उघड आहे. परंतु ती जोरही अधिक देते हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लहान बॅटरींत पांच कोशांची एकच रांग असते, मोठींत सामान्यतः दोन. घाव घालतांना लागणारा प्रवाह दोन रांगांत वांटला गेल्यामुळें बॅटरी दमत नाहीं. सबब इम्पॅक्ट रेंचास ४ किंवा ५ अँपिअर-अवरची बॅटरी घ्यावी व शक्य तर दोन घ्याव्या. एक चार्ज होते तोंवर दुसरी कामावर. ज्या गांवीं वीज ठराविक तासच असते तेथें दुसरी बॅटरी ही चैन नव्हे.

मोटर ब्रशलेस असावी. जुन्या पद्धतीच्या मोटरींत कार्बनचे ब्रश झिजतात, ठिणग्या पडतात, बॅटरी लवकर उतरते. फरकाचे पैसे दोन हंगामांत वसूल होतात असें आमचें मत आहे.

पुढें जो चौकोनी दांडा असतो, ज्यावर सॉकेट बसवितात, तो अर्धा इंची घ्यावा. पाव इंची व तीन-अष्टमांश इंची हे बारीक कामाचे. पाऊण इंची व एक इंची हे ट्रक व अवजड यंत्रांचे. अर्ध्या इंचाचें, आवळतांना ३०० ते ४०० व सोडवितांना ५०० ते ६०० न्यूटन-मीटर देणारें यंत्र रोटाव्हेटर, कल्टिव्हेटरचे फाळ, पिकअप गाडी, मोटारगाडी व लहान ट्रॉली एवढ्यांस पुरेसें होतें. बॅटरीसह त्याचें वजन दोन-अडीच किलोच्या आसपास असतें. थोरलें यंत्र साडेतीन किलोच्या घरांत जातें. रोटाव्हेटरच्या खालीं वांकून ८४ नट त्यानें काढणारास त्या एका किलोचा अर्थ चांगला कळतो. मोठ्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांसाठीं थोरलें यंत्र लागेल हें खरें; पण तीं चाकें वर्षांतून किती वेळां काढावयाचीं? त्या कामापुरतें पंक्चरवाल्यास बोलावणें स्वस्त पडतें.

घोड्याची गति हळू दाबल्यास हळू, जोरानें दाबल्यास जलद अशी असावी. तीन वेगांची निवड आणि नट सुटतांच आपोआप थांबण्याची सोय असल्यास उत्तम. पोटमाळ्यावरच्या कामांत सुटलेला नट सॉकेटसह खालीं उडत नाहीं, हा तिचा फायदा.

सॉकेटची गोष्ट बहुतेक लोक सर्वांत शेवटीं करतात. ती वास्तविक यंत्राबरोबरच करावयास हवी. गॅरेजवाले ज्यास गोटी म्हणतात त्या चकचकीत, पांढऱ्या झिलईच्या सॉकेट हातपान्यासाठीं केलेल्या असतात. त्यांचें पोलाद कठीण पण ठिसूळ. घावाखालीं त्या तडकतात व तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. इम्पॅक्ट रेंचास काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या सॉकेट लागतात. त्या सहा कोनी घ्याव्या. बारा कोनी सॉकेट झिजलेल्या नटाचे कोन खाऊन टाकते. सगळा संच घेण्याचें कारण नाहीं. आपल्या घरचे पाने तपासून जीं पांच-सहा मापें नेहमीं लागतात तेवढ्याच घ्याव्या. १७, १९, २१, २२, २४ आणि ३० मिलिमीटर यांत बहुतेक कामें भागतात. मध्यें लांब जोडदांडा घातल्यास घावाचा बराच जोर त्या दांड्याच्या पिळण्यांतच जिरतो, म्हणून तो शक्य तितका आंखूड असावा. डोळ्यांस चष्मा व कानांस बोळे अवश्य लावावे. या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्यें तो दुप्पट झाल्यासारखा भासतो.

नट अगदींच धरून बसला असेल तर आदल्या रात्रीं त्यावर गंज सोडविणारें तेल सोडावें, आणि सकाळीं एकदां आवळण्याच्या दिशेनें थोडा घाव देऊन मग उलट फिरवावें. एक गोष्ट विसरूं नये : गवत कापण्याच्या ब्रश कटरच्या पात्याचा नट डाव्या आट्याचा असतो. तो नेहमींच्या दिशेनें सोडवूं गेल्यास अधिकच आवळला जातो, आणि या यंत्रानें तसें केलें तर आटे गेलेच म्हणून समजावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हें यंत्र सोडविण्यास जितकें चांगलें, तितकें शेवटचें आवळण्यास चांगलें नाहीं. बोल्ट आवळला जातो म्हणजे तो किंचित् ताणला जातो, आणि त्या ताणामुळेंच तो धरून राहतो. ठराविक मर्यादेपलीकडे ताणला कीं तो रबरासारखा परत येत नाहीं. त्याची मान बारीक होते व शक्ति जाते. इम्पॅक्ट रेंचाच्या हातीं दिलेला चाकाचा नट दोन-तीन सेकंदांत त्या मर्यादेपलीकडे जाऊं शकतो, आणि वरून कांहींच दिसत नाहीं. असा बोल्ट शेडमध्यें तुटत नाहीं. तो ऊस भरलेल्या ट्रॉलीखालीं, उतारावर, खड्ड्याचा दणका बसला म्हणजे तुटतो. एक तुटला कीं त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि मग चाक निखळतें. ट्रॉलीवर माणसें बसलेलीं असतात, मागून मोटारसायकली येत असतात. येथें वेळेची बचत पाहूं नये.

यासाठीं चाकाचे नट प्रथम हातानें चार-पांच आटे फिरवून घ्यावे, म्हणजे आटे वांकडे बसत नाहींत. मग यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवून नट नुसते टेकेपर्यंत आणावे, आणि तेही एकामागून एक शेजारचे न घेतां समोरासमोरचे घ्यावे. शेवटचा पीळ टॉर्क रेंचानें, पुस्तिकेंतील आंकड्यापर्यंत द्यावा. टॉर्क रेंच हा दांड्यावर माप असलेला साधा हातपाना असून ठरलेल्या जोरास तो कट् असा आवाज करतो. इम्पॅक्ट रेंच घेणारानें तो घेतलाच पाहिजे असें आम्ही आग्रहानें सांगतों. ट्रॉली पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हां एकदां तपासावे. रोटाव्हेटरच्या पात्यांसही हाच नियम. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सर्व नट हातपान्यानें पाहून घ्यावे.

ज्याच्या घरीं एक मोटारसायकल, पाण्याची मोटर आणि भाड्यानें येणारा ट्रॅक्टर एवढेंच आहे त्यानें हें यंत्र घेऊं नये. त्यास चांगला अर्धा इंची हातपाना, लांब दांडा व पाईप पुरेत. ट्रॅक्टर स्वतःचा असून पातीं वर्षांतून एक-दोन वेळांच बदलावीं लागतात त्या चार शेजाऱ्यांनीं मिळून एक चांगलें यंत्र घ्यावें. चार निकृष्ट यंत्रांहून तें केव्हांही श्रेयस्कर. मात्र सामाईक वस्तूचें जें नेहमीं होतें तें टाळण्यासाठीं बॅटरी कोणीं चार्ज करून द्यावयाची, सॉकेट हरवल्यास भरपाई कोणाची, हें आरंभींच कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्याव्या. सामाईक विहिरीच्या पाळ्यांवरून भाऊबंदांचे अर्ज आम्हीं किती वाचले त्यास गणती नाहीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या मुळाशीं आरंभीं न लिहिलेली एखादी क्षुल्लक गोष्टच होती.

खरेदीच्या वेळीं पेटीवर उत्पादकाचें किंवा आयात करणाराचें नांव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे कीं नाहीं तें वाचावें. ही माहिती छापणें कायद्यानें बंधनकारक आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ या भारतीय मानकाची खूण असावी. जीएसटी क्रमांक असलेलें पक्कें बिल घ्यावें व त्यावर यंत्राचा नमुना व अनुक्रमांक लिहवून घ्यावा. हमीच्या पत्रांत बॅटरीची मुदत यंत्राहून बहुधा वेगळी व कमी असते. ती तेथल्या तेथें वाचावी. पक्कें बिल नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दाद मागतांना फार अडचण पडते. शक्य तर आपल्याच ट्रॉलीचा एक नट दुकानाच्या दारांत काढून पाहावा. चांगला दुकानदार त्यास नाहीं म्हणत नाहीं.

बॅटरीची निगा थोडी पण नेमानें करावी. वैशाखांत पत्र्याखालीं किंवा ट्रॅक्टरच्या टपावर ती ठेवूं नये. ४० अंशांहून अधिक उष्णतेंत चार्ज करूं नये असें बहुतेक पुस्तिकांत सांगितलेलें असतें. म्हणून कामावरून आलेली गरम बॅटरी अर्धा तास सावलींत निववून मग चार्जरवर लावावी. दोन-तीन महिने काम नसेल तर ती अर्धी भरलेली, यंत्रापासून वेगळी करून, घरांत कोरड्या जागीं ठेवावी. पूर्ण उतरलेली पडून राहिली तर पुन्हां चार्ज होत नाहीं. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्जरवर लावूं नये व उकिरड्यावर टाकूं नये, ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हां नवी घ्यावयास जातांना जुनी बरोबर न्यावी.